मत्तयानं न सांगितलेला आकडा

डिसेंबर अर्धा सरला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. तेवढ्या वेळात मी खुर्ची सरकवत त्याच्या मागं मागं फिरते. परवा तशीच बसले होते, तेवढ्यात पुतण्याची सून बाजारातून नाताळचा देखावा घेऊन आली. तिची सहा वर्षांची मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टरच्या मूर्ती एकेक सोडवून माझ्या पुढ्यात मांडू लागली. मरिया, योसेफ, गव्हाणीतलं बाळ, दोन मेंढरं, एक उंट आणि तीन राजे. तिसऱ्या राजाचं तोंड काळं रंगवलेलं होतं, आणि रंग जरा जास्तच झाल्यानं तो गळ्यापर्यंत ओघळला होता.

"मोठी आजी, या राजांची नावं काय?"

"नावं नाहीत."

"आहेत. आम्हाला शाळेत सांगितली."

"शाळेत सांगू देत. शास्त्रात नाहीत. आणि ते राजेही नव्हते."

पोरगी आईकडं बघून हसली. म्हातारीचं आता असंच, हे घरातल्या लहानांनाही कळतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण उभा जन्म मास्तरकीत घालवलेल्या बाईला थांबणं कुठून जमणार? मी सांगत सुटले. मत्तय एवढंच म्हणतो, की पूर्वेकडून काही ज्ञानी लोक आले, ताऱ्यांचा माग काढणारे. किती आले ते तो सांगत नाही. भेटवस्तू तीन होत्या, म्हणून आणणारेही तीन, असं पुढच्या लोकांनी ठरवलं. उंट त्यांनीच आणले, मुकुट त्यांनीच घातले, नावंही त्यांनीच ठेवली. मत्तयाचे ज्ञानी लोक गोठ्यात आलेच नाहीत, घरात आले, आणि तोवर बाळ कदाचित रांगायलाही लागलं असेल.

"मग उंट दुकानात परत द्यायचा का?" पोरीनं काळजीनं विचारलं.

उंट राहू दे म्हटलं. उंटानं कुणाचं काही वाईट केलेलं नाही.

आकड्यानं केलं. ते मी तिला सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पण थंडी पडली, कुठं ऊद जळाला, की ते आतून वर येतं आणि चार दिवस माझ्या तोंडाची चव जाते. घरच्यांना वाटतं पित्त झालं. मीही तसंच म्हणते, आणि सूनबाई मला कोकमाचं सरबत करून देते.

आमची वस्ती तेव्हा पडेगावच्या अलीकडं, दौलताबादच्या रस्त्याला लागून होती. ख्रिस्ती वस्ती. एका खोलीची शाळा आणि तिला चिकटून प्रार्थनेचं छोटं घर. निजामाचं राज्य घालवणारी पोलीस ॲक्शन होऊन गेल्यानंतरचा तिसरा हिवाळा होता. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच त्या शाळेवर बाई म्हणून लागलेली. हिवाळ्यात तिथली सकाळ फार सुंदर असायची, हे मला कबूल केलंच पाहिजे. किल्ल्याचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला, ज्वारी हुरड्याला आलेली, हरभऱ्यावरच्या दवानं पातळाचा काठ ओला व्हायचा आणि पाय आंबट व्हायचे. मुलं बाकावर बसायच्या ऐवजी भिंतीच्या उन्हाला पाठ लावून उभी राहायची आणि पाढे म्हणताना त्यांच्या तोंडातून वाफ निघायची. तोंडातून धूर काढण्याची चढाओढ लागायची, पाढे मागं पडायचे, आणि मीही हळूच एखादी वाफ सोडून बघायचे.

त्या सुंदर सकाळीत एक घाण वास मिसळलेला असायचा. कुजवलेल्या अंबाडीचा. वस्तीच्या पलीकडच्या डबक्यात अंबाडीच्या पेंढ्या भिजत घातलेल्या असत. त्या कुजल्या की त्यांचे वाख सोलायचे, वाळवायचे आणि दोर वळायचे. हे काम नव्या गल्लीतले लोक करत. नवी गल्ली म्हणजे लिंबाच्या झाडापलीकडची दहा-बारा खोपटं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गावोगाव जे झालं, त्यात ज्यांचं ज्यांचं बस्तान उठलं त्यांत हीही माणसं होती. ती ख्रिस्ती होती, त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, म्हणून ती आमच्या आसऱ्याला आली.

इथं मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. आमचे आजे गावकुसाबाहेर राहणारे. या दोर वळणाऱ्यांची घरं गावाकडं आमच्याही पलीकडं असायची. आम्ही दोघंही त्या गावकुसाला पाठ दाखवून येशूकडं आलो, पण येताना मधलं अंतर बरोबर घेऊन आलो. प्रभूच्या पायाशी सगळे सारखे, असं आम्ही दर रविवारी मोठ्यानं गायचो. नव्या गल्लीचा पाण्याचा घडा वेगळा होता. प्रार्थनेला ती माणसं मागच्या चटईवर बसत. त्यांना तिथं कुणी बसवलं नव्हतं, पण पुढं या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आमच्याकडं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 'राजे' निघायचे. ही प्रथा दुसऱ्या कुठल्या मंडळीत मी पाहिली नाही. वस्तीत सगळ्यात आधी बाप्तिस्मा घेतलेली तीन घरं होती, आणि तीन राजांचा मान त्या तीन घरांचा. गावाकडं पोळ्याच्या पहिल्या बैलाचा मान असतो, तसाच हा. मान आम्हाला कधी मिळाला नव्हता, म्हणून हातात आल्यावर आम्ही तो घट्ट धरला. दुपार कलली की तिघं राजे शाळेपासून निघत आणि दारोदार जात. त्या वर्षात ज्या घरी मूल जन्मलं असेल त्या घरची आई उंबऱ्याबाहेर घोंगडी अंथरून बाळाला वर ठेवी. राजे एकापाठोपाठ एक गुडघे टेकून बाळापुढं डोकं टेकवत. भेटीच्या तीन डब्या बाळाच्या पायाशी लावून परत उचलत. एका डबीत पितळेची अंगठी, ती सोनं. एकीत ऊद. तिसऱ्या डबीत गुळाचा खडा, कारण गंधरस म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं कित्येक वर्षांनी शहागंजातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानदारानं मला सांगितलं, की गंधरस म्हणजे आपला बोळ, बाळंतिणीला देतात तो. आमच्या घराघरात तो होता आणि आम्ही गूळ नेत होतो.

राजे ज्याच्यापुढं वाकले ते 'बघितलेलं लेकरू'. असं लेकरू जगतं, त्याला देव ओळखतो, असा बायांचा विश्वास होता. शास्त्रात याला आधार नाही. पण वर्षाला वस्तीतली तीन-चार मुलं मातीआड होत असताना आधार शोधायला कुणी शास्त्र उघडत नाही.

राजांमधला पहिला मान दावीदतात्यांचा. माझे चुलते. माझे वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच शिकवलं. छावणीत एका साहेबाकडं खानसामा होते. ताठ, मोठ्या मिशांचे. दुसरे आणि तिसरे राजेही तसेच वयस्क. तिसऱ्याच्या तोंडाला तव्याची काजळी फासायची, कारण एक राजा काळा असतो असं कुठल्याशा चित्रात होतं. मुळात तिघेही चांगले काळे, तरी तिसऱ्याला आम्ही आणखी काळा करायचो. तेव्हा यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या राजांना नवे कपडे मिळाले. तात्यांबरोबर मीच शहागंजात गेले होते. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत शेरवान्याच शेरवान्या होत्या. जरीच्या, किनखापाच्या, एकीच्या खिशात अत्तराचा फाया तसाच राहिलेला. कुणाच्या अंगावरच्या, ती माणसं कुठं गेली, गेली की आणखी काही झालं, हे आम्ही विचारलं नाही. विकणाराही मान वर करत नव्हता. तात्यांनी एक शेरवानी अंगाला लावून बघितली आणि म्हणाले, "बग गं, बरुबर बसली." आमचे राजे त्या वर्षी कधी नव्हे इतके भारी दिसले.

नाताळ होऊन गेल्यावर एके दुपारी शिमोन शाळेत आला. शिमोन नव्या गल्लीतला दोरवाला, तिशीचा असेल. दोर वळणारा माणूस दिवसभर मागं मागं चालतो, त्यामुळं शिमोन बोलतानाही एकेक पाऊल मागं सरकायचा. समोरच्याला वाटायचं हा निघालाच. शाळेच्या ओट्यावर तात्या उन्हाला बसले होते आणि मी मुलांच्या पाट्या तपासत होते. शिमोननं एक नवं चऱ्हाट आणलं होतं, शाळेच्या आडाला. ते त्यानं खाली ठेवलं आणि थोड्या अंतरावर उकिडवा बसला.

"तात्या, एक इचारायचं हुतं."

"इचार की."

"राजे आमच्या गल्लीत येत नायत, त्याबद्दल माझं काई म्हननं नाय. तुमची वयं झाली, गुडघ्याला तरास. पन चौथा एक राजा आमच्यातला करा. त्यो तुमच्या मागनं चालंल. तुमी लिंबापून माघारी फिरा, त्यो तेवढा पुढं येईल. आमच्यातली पाच-सा लेकरं हायेत या सालची. त्यांच्याम्होरं वाकंल अन मोकळा हुईल."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. गुडघ्याची अडचण नव्हती, हे ओट्यावरच्या तिघांनाही माहीत होतं. अडचण वाकण्याची होती. दोरवाल्याच्या पोरापुढं डोकं टेकवायचं, ही.

"शेरवानी कुठनं आनायची चौथी?" तात्या म्हणाले.

"शेरवानी नको. घोंगडं पांघरंल."

"घोंगड्यातला राजा असतोय का येड्या?"

"माझी कुसुम साडेतीन म्हयन्याची हाय," शिमोन म्हणाला. "बायकोच्या, सगुणीच्या, हिच्या आदीच्या दोन पोरी गेल्या. ही लई जपून ठिवलीय. हिला येकदा कुनीतरी बगून घ्यावं, एवढंच."

तात्यांनी चऱ्हाट उचलून त्याचा पीळ बोटांनी चाचपला. ते वाईट नव्हते, आणि समोरचा माणूस भांडत नव्हता. भांडला असता तर सोपं होतं. शेवटी ते म्हणाले, "राजे तीन. आकडा काय आमी बनवला का? शास्त्रात हाय तसं हाय."

तेव्हा शिमोननं माझ्याकडं बघितलं. वस्तीत एक रीत पडली होती. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा येत, एरवी पुस्तकात काय आहे ते बाईला विचारायचं. रविवारचे पाठ मीच वाचायचे.

"बाई, तुमी वाचता," तो म्हणाला. "पुस्तकात तीनच लिवलेत का?"

मला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वीच वाचताना माझ्या ते ध्यानात आलं होतं आणि मी आपल्या हुशारीवर खूश होऊन ते वहीत टिपूनही ठेवलं होतं. तीन हा आकडा तिथं नाही. चौथा निघाला तर मत्तय हरकत घेणार नव्हता. चाळीस निघाले तरी घेणार नव्हता. एवढं सांगितलं असतं तर तात्यांना त्यातून मान खाली न घालता वाट काढता आली असती. कदाचित त्यांना ती हवीही होती. मी आजही त्या ओट्यावरचं ऊन, त्या पाट्या, ते पिवळं नवं चऱ्हाट स्पष्ट बघू शकते.

"होय," मी म्हणाले. "तीनच."

शिमोननं मान डोलावली. "मंग काय," तो म्हणाला, "लिवलंय म्हटल्यावर." तो उठला, दोन पावलं मागं सरकला आणि गेला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी उरलेल्या पाट्या तपासल्या.

पुष्कळ वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की मी तात्यांच्या धाकानं बोलले. खाल्ल्या मिठाला जागले. ते खरं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, इस्त्रीचं पातळ नेसत होते, आणि सणाच्या मिरवणुकीत अंबाडीचा वास येणारा माणूस घोंगडं पांघरून चालला आहे, हे चित्र मलाच नको होतं. मला त्याची किळस आली होती. दुसरं काय लिहू?

राजे निघाले त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. शेरवान्यांवरची जर उन्हात चमकत होती. मी गाण्याचं पुस्तक घेऊन मागून चालत होते. प्रत्येक उंबऱ्यावर घोंगडी, प्रत्येक घोंगडीवर तेल लावून गुळगुळीत केलेलं बाळ, आणि त्याच्यापुढं वाकलेल्या तात्यांच्या मिशा. लिंबापाशी आल्यावर पलीकडं नव्या गल्लीच्या बाया दिसल्या. त्यांना माहीत होतं राजे येणार नाहीत. तरी त्यांनी लेकरांना न्हाऊमाखू घातलं होतं, काजळाची तीट लावली होती. सगुणा, शिमोनची बायको, सगळ्यांच्या पुढं उभी होती, पोरीला पालथ्या पदरात गुंडाळून. घोंगडी तिनं अंथरलीच होती, ऐन वेळी काय सांगावं म्हणून. तात्यांनी लिंबाच्या खोडाला हात लावला, जरा दम घेतल्यासारखं केलं आणि वळले. शिमोन त्या बायांच्या मागं उभा होता. त्यानं हात जोडले. राजांना जोडले, की सगळ्यांना, कोण जाणे.

जानेवारीच्या शेवटी थंडी अशी पडली की डबक्याच्या काठचं गवत सकाळी पायाखाली मोडायचं. कुसुमला डबा झाला, तान्ह्या पोरांच्या छातीत थंडी भरते तो. पोट उडायला लागलं, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. शिमोन तिला उचलून शहरात दवाखान्यात घेऊन निघाला, पण टांगा मिळेपर्यंत, रस्त्यातच, ती गेली. मी डोक्यानं जाणते की तिला थंडीनं नेलं. राजा वाकल्यानं फुप्फुसं बरी होत नाहीत. त्याच वर्षी 'बघितलेल्या' लेकरांतलंही एक गेलं. पण हे मला कळून काय उपयोग? ज्यांना कळायला हवं त्यांच्या मनात ती न बघितलेली गेली.

दफनभूमीत तिला पलीकडच्या भिंतीला बाभळीखाली जागा मिळाली. नव्या गल्लीची तीच जागा होती. तात्या आले होते. त्यांनी स्वतः मातीची ढेकळं फोडून बारीक केली, लहान अंगावर मोठं ढेकूळ पडू नये म्हणून. गाणं त्यांनीच धरलं आणि मधेच त्यांचा आवाज गेला. ते खरोखर रडले. तात्यांचा राग करायला मला कधीच जमलं नाही ते यामुळं.

सगुणा रडत नव्हती. बाया पांगल्यावर ती माझ्यापाशी आली आणि दुपारचं काहीतरी सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाई, तिला कुनी बगितलंच नाय." मग ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबक्यावर वाख सोलताना मी तिला पाहिलं, कोपरापर्यंत हात त्या काळ्या पाण्यात.

मत्तयाच्या त्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट आम्ही कधी मिरवणुकीत घेतला नाही. कुणीच घेत नाही. ज्ञानी लोक भेटी देऊन, स्वप्नातली सूचना ऐकून, वेगळ्या वाटेनं आपल्या देशी सुखरूप जातात, तिथं देखावा संपतो. त्यांनी आधी हेरोद राजाच्या वाड्यावर जाऊन चौकशी केली होती. तिथं तसं विचारायला नको होतं. त्यांच्या विचारण्यानं हेरोद सावध झाला आणि बेथलेहेमातली तान्ही मुलं मारली गेली. ज्ञानी माणसं तोवर आपल्या घरी पोचली असतील. त्यांना ते पुढं कळलं का, हेही मत्तय सांगत नाही. परंपरेनं त्यांना मुकुट दिले, उंट दिले, तीन सुंदर नावं दिली. त्यांच्या हातून काय घडलं ते मात्र कुणी त्यांच्या नावावर लिहिलं नाही. मला या लोकांबद्दल फार जवळीक वाटते. शहाणी माणसं, ताऱ्यांचं सगळं कळणारी, आणि कुठं काय बोलावं एवढंच न कळणारी. माझा गुन्हा तर त्यांच्याहून वाईट. ते चुकले. मी चुकले नव्हते.

पुढच्या वर्षी मी रविवारी दुपारी प्रौढांचा वर्ग सुरू केला. लोकांना वाटलं बाईला समाजसेवेचं वेड आहे. खरं म्हणजे मला रविवारची दुपार रिकामी सहन होत नव्हती. वर्गाला बाया यायच्या, दोन-चार म्हातारे यायचे. एक दिवस शिमोन येऊन मागं बसला. मी त्याला पुढं बोलावलं. तो आला. एवढं सोपं होतं ते.

त्याच्या बोटांना वाखानं चिरा पडलेल्या असायच्या. पाटीवर 'क' काढताना पेन्सिल त्या चिरेत अडकायची आणि तो ओठ दाबून ती सोडवायचा. त्याला अक्षर लवकर यायचं नाही, पण आलेलं जायचं नाही. सगुणाच्या पोटाला पुढं मूल राहिलं नाही. ती प्रार्थनेला यायची बंद झाली. तो एकटा यायचा. त्यानं मला कधी टोचून काही म्हटलं नाही. वर्गात तो सगळ्यांत आदबीनं वागायचा, आणि मला ते सोसायचं नाही. असं सव्वा वर्ष गेलं. मधल्या काळात दावीदतात्या एका सकाळी चहा पिता पिता गेले. पहिल्या राजाची शेरवानी त्यांच्या मुलाच्या अंगावर आली.

डिसेंबरात पाद्रीसाहेबांनी वर्गातल्या सगळ्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाची पातळ, वेगळी छापलेली पुस्तकं वाटली. त्या रविवारी वर्ग सुटला तरी शिमोन बसून राहिला. सगळे गेले. दारातून ऊन आत आलेलं, जमिनीवर त्याचा लांबट पट्टा. त्या पट्ट्यात पुस्तक धरून शिमोन म्हणाला, "बाई, दुसरा अध्याव वाचू का? चुकलं तर सांगा."

मी हो म्हटलं. काय येणार आहे ते मला त्या क्षणी कळलं.

तो बोट ठेवून वाचू लागला. एकेक अक्षर फोडून, मग जोडून. बेथलेहेम. हेरोद. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक. तिथं तो थांबला, बोट मागं नेलं, पुन्हा वाचलं. मग पुढं गेला. तारा. घर. आई आणि बाळ. सोनं, ऊद, गंधरस. परतीची दुसरी वाट. तिथवर येऊन तो पुन्हा सुरुवातीला गेला आणि सगळं दुसऱ्यांदा वाचलं, आता जरा भराभर. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला, परत काढला.

"बाई," तो म्हणाला, "यात किती जन ते लिवलेलं दिसत नाय."

मी खडू पुन्हा डबीत टाकला.

"मला येत नसंल म्हनून दोनदा बगितलं."

"बरोबर वाचलंस तू," मी म्हणाले.

तो पुस्तकाकडं बघत राहिला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी त्या नजरेवर किती वर्षं डोकं फोडलं आहे. तो मला ताडत होता, की मला वाट काढून देत होता, की खरंच त्याला तसं वाटलं होतं? त्या डोळ्यांत राग मुळीच नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन.

"छापताना राह्यलं आसंल का?" त्यानं विचारलं. "लहान पुस्तक हाय. तुमच्या मोठ्या पुस्तकात आसंल."

तात्या वारले होते. ओट्यावर कुणी बसलेलं नव्हतं. नोकरी पक्की झाली होती. एकोणिसावं वर्षही सरलं होतं. आडोसा म्हणून जगात काही उरलं नव्हतं, आणि त्याला खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि मला दिसलं, की ते बोलले तर या माणसाला आज, या उन्हात बसून, कळेल की त्याच्या पोरीला देवानं नाही, शास्त्रानं नाही, बाईनं अडवलं. त्या दिवशी ओट्यावर बाई फक्त 'नाही, तीन लिहिलेलं नाही' म्हणाली असती तर पुरे होतं. मी हे त्याच्यासाठी टाळलं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी माझ्यासाठी टाळलं. त्याच्या नजरेतली ती आदब मला सोसत नव्हती, पण ती जाईल हे त्याहून सोसत नव्हतं.

"असेल," मी म्हणाले. "छापताना राहिलं असेल."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, ओळीवर बोट धरलं आणि टेबलावरची माझी पेन्सिल दुसऱ्या हातानं माझ्याकडं सरकवली.

"मंग तुमच्या हातानं तेवढं नीट करून द्या. घरी सगुणीला वाचून दावायचंय."

मी पेन्सिल घेतली. 'ज्ञानी लोक' या शब्दांच्या वर, ओळींमधल्या अरुंद जागेत, मी बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: तीन.

शिमोननं पुस्तक उचलून उन्हात धरलं आणि माझं अक्षर जुळवून वाचलं. "ती. न. तीन." तो म्हणाला, "हां. आता बरुबर." पुस्तक त्यानं मिटलं, डोक्याला लावलं आणि उठला. दारापाशी जाऊन क्षणभर थांबला.

"म्हंजी बाई, माझ्या पोरीला कुनी आडवलं नव्हतं."

"नाही," मी म्हणाले.